‘श्रमाचे बळी’ : गॉटहार्ड बोगदा आणि व्हिन्चेन्झो वेला यांचे उत्थितशिल्प

प्रास्ताविक

पर्वत फोडून काढलेल्या रेल्वे बोगद्यांविषयीचे लेखन पाहिले असता त्याचे दोन ठळक प्रवाह दृष्टोत्पत्तीस येतात. एक अभियंत्यांचा. त्यात बोगद्याची लांबी, चढाचे प्रमाण, खडकाची जात, वापरलेली यंत्रे आणि झालेला खर्च यांचा तपशील असतो. दुसरा प्रवाह राज्यकर्त्यांचा. त्यात उद्घाटने, मेजवान्या, भाषणे आणि दोन प्रदेशांच्या मीलनाची अलंकारिक वर्णने आढळतात. या दोन्ही प्रवाहांत प्रत्यक्ष खडक फोडणारा माणूस ‘मनुष्यबळ’ या एका शब्दात गुंडाळला जातो. तो मेला तर तळटीपेत जातो, आणि पुष्कळदा तेथेही पोहोचत नाही.

स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड बोगद्याच्या बाबतीत मात्र एक अपवाद घडला. १८८२ मध्ये बोगदा वाहतुकीस खुला झाला, आणि त्याच सुमारास व्हिन्चेन्झो वेला (१८२०–१८९१) या नामवंत शिल्पकाराने कोणीही न सांगता, कोणाकडूनही मोबदला न घेता एक मोठे उत्थितशिल्प घडविले. त्याचे इटालियन नाव ‘ले वित्तिमे देल लावोरो’, म्हणजे ‘श्रमाचे बळी’. ओबडधोबड लाकडांच्या डोलीवरून एका मृत कामगाराला त्याचे सोबती बोगद्याबाहेर नेत आहेत, एवढाच त्याचा विषय. युरोपीय कलेत श्रमिकाच्या मृत्यूला स्मारकाची प्रतिष्ठा देणाऱ्या आरंभीच्या कृतींत या शिल्पाची गणना होते आणि ती योग्यच आहे. तथापि, या कृतीविषयी आदराने बोलण्याची जी रूढी पडली आहे, तिच्यामुळे एक प्रश्न मागे पडला. हे शिल्प मृत्यू दाखविते. मृत्यूचे कारण ते दाखविते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने शिल्पाचे, त्याच्या शीर्षकाचे आणि त्याच्या पुढील प्रवासाचे परीक्षण केले आहे.

बोगदा आणि करार

गॉटहार्ड हा आल्प्समधील जुना व्यापारी घाट. त्याच्या पोटातून सुमारे १५ किलोमीटर लांबीचा बोगदा काढण्याचे काम १८७२ मध्ये सुरू झाले. उत्तरेकडील तोंड जर्मनभाषक उरी कॅन्टनमधील गोशेनेन येथे आणि दक्षिणेकडील तोंड इटालियनभाषक तिचिनो कॅन्टनमधील आयरोलो येथे. यापूर्वी फ्रान्स व इटली यांना जोडणारा मों सनीचा बोगदा १८५७ ते १८७१ अशी चौदा वर्षे चालला होता. गॉटहार्ड त्याहून लांब, आणि तो आठ वर्षांत संपवावयाचा होता.

हा आठ वर्षांचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचे बरेच काही त्यातून निघाले. जिनीव्हाचा कंत्राटदार लुई फाव्र याने रेल्वे कंपनीशी जो करार केला, त्यात विलंबाच्या प्रत्येक दिवसास पहिले सहा महिने ५,००० फ्रँक व त्यानंतर १०,००० फ्रँक दंड होता. काम लवकर संपल्यास त्याच हिशेबाने बक्षीसही होते. म्हणजे कंत्राटदाराच्या दृष्टीने प्रत्येक दिवसाला निश्चित किंमत लागलेली होती. स्फोटानंतरचा धूर पूर्णपणे निवळेपर्यंत थांबणे, छताला आधाराचे बांधकाम लगोलग करणे, आत शौचाची सोय करणे, यांपैकी प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो आणि त्या वेळेची किंमत करारात लिहिलेली होती. माणसाची किंमत त्यात नव्हती.

काम करणारे बहुसंख्य इटालियन होते. पीमाँट व लोंबार्दी या उत्तर इटलीच्या प्रांतांतून ते येत. कामगारांची सरासरी संख्या अडीच हजारांच्या घरात होती. ऐन भरात ती चार हजारांच्या जवळ गेली. दाबाखालील हवेवर चालणारी छिद्रकयंत्रे आणि डायनामाइट यांचा येथे मोठ्या प्रमाणावर वापर झाला. जसजसे काम डोंगराच्या पोटात गेले, तसतसे आतील तापमान तीस अंशांच्या वर चढले. वरून पाण्याच्या धारा, खाली चिखल, हवेत डायनामाइटचा धूर, दिव्यांच्या तेलाची काजळी आणि ओझी ओढणाऱ्या घोड्यांची घाण. अशा जागेत पाळ्यापाळ्यांनी रात्रंदिवस काम चाले. बाहेर गोशेनेन व आयरोलो ही लहान खेडी एवढ्या माणसांना पुरणारी नव्हती. एका बिछान्यावर एक पाळी उठली की दुसरी पाळी झोपत असे.

२७ जुलै १८७५ रोजी गोशेनेनच्या बाजूच्या कामगारांनी काम थांबविले. धुराने भरलेल्या बोगद्यात परत जाण्यास त्यांनी नकार दिला, आणि मजुरीत वाढही मागितली. दुसऱ्या दिवशी उरी कॅन्टनच्या शिपाईदलाने गोळीबार केला आणि चार कामगार ठार झाले. पुढे संघीय सरकारने चौकशी करविली. तिच्यातून वस्ती, हवा व मजुरी यांची दुरवस्था पुढे आली. बोगद्याचे काम मात्र थांबले नाही.

फाव्रलाही हा बोगदा पचला नाही. १९ जुलै १८७९ रोजी बोगद्याच्या आत पाहणी करीत असता हृदयविकाराने त्याचा अंत झाला. त्यानंतर सात महिन्यांनी, २८ फेब्रुवारी १८८० रोजी, दोन्ही बाजूंची खोदाई एकमेकींस मिळाली. मधल्या भिंतीस पडलेल्या भोकातून सर्वप्रथम फाव्रची प्रतिमा पलीकडे देण्यात आली. प्रसंग हृद्य आहे यात शंका नाही. परंतु त्या भोकातून आणखी कोणाचीही प्रतिमा गेली नाही, कारण बाकीच्यांच्या प्रतिमा कोणी काढलेल्याच नव्हत्या. बोगद्याच्या बांधकामातील अपघाती मृत्यूंचा १९९ हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. दरड कोसळून, डायनामाइटच्या स्फोटात, आतील मालवाहू डब्यांखाली चिरडून माणसे मेली.

शिल्पाचे वाचन

वेला हे तिचिनोतील लिगोर्नेत्तो गावचे. लहानपणी त्यांनी दगडाच्या खाणीत हातोडा-छिन्नीचे काम केले होते. पुढे मिलान येथे ते शिल्पकार म्हणून घडले. साखळदंड तोडू पाहणाऱ्या ‘स्पार्ताको’ने त्यांना नाव मिळवून दिले. १८४८ च्या मिलानमधील उठावात ते होते. त्यानंतर तुरिनच्या कलाअकादमीत अध्यापन, इटालियन एकीकरणाच्या पुढाऱ्यांचे पुतळे, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलेला मरणासन्न नेपोलियन असा त्यांचा प्रवास झाला. १८६७ मध्ये ते आपल्या गावी परतले. त्यांनी तिचिनोच्या विधिमंडळाचे सदस्य म्हणूनही काम केले. आयरोलो त्यांच्याच कॅन्टनमध्ये. म्हणजे बोगदा, त्यातील इटालियन मजूर आणि त्यांचे मरण हे सारे त्यांच्या अंगणात घडत होते. हा तपशील यासाठी महत्त्वाचा की ज्याने आयुष्यभर वीरांचे व राजेरजवाड्यांचे पुतळे घडविले, त्याने उतारवयात आपण होऊन निनावी मजुराकडे मोहरा वळविला.

शिल्प उत्थित पद्धतीचे आहे. आकृती पार्श्वभूमीपासून बऱ्याच पुढे आलेल्या आहेत. डोलीचे दांडे म्हणजे न तासलेली लाकडे. वाहणाऱ्यांची अंगे उघडी, पाठ व दंड ताणलेले. मृत देह आडवा. कंदील हीच काय ती या दृश्यातील वस्तू, आणि त्यावरून हे सारे अंधारात चालले आहे हे कळते. खडक, यंत्र, बोगद्याचे तोंड यांचे सविस्तर चित्रण नाही. रडणारी पत्नी नाही, धर्मगुरू नाही, अधिकारी नाही. शोक करण्यासही कोणी मोकळा नाही, कारण प्रत्येकाच्या हाताला काम आहे. मृताला बाहेर नेणे हेही येथे पाळीतीलच एक काम झाले आहे. शिल्पाचे खरे सामर्थ्य या ठिकाणी आहे. शोकाला वेगळी जागा न देता तो स्नायूंच्या ताणातच मुरविण्याची ही युक्ती वेलांना साधली. समकालीन शिल्पात तिला तोड सापडणे कठीण.

मराठी रसिकाला हे दृश्य पाहून तिरडी आठवेल. परंतु तिरडीवरच्या देहावर काही संस्कार झालेले असतात. त्याला आंघोळ घातलेली असते, हार-कुंकू असते, आणि तो आपल्या घराच्या दारातून निघालेला असतो. या डोलीवरील माणूस परक्या मुलखात, कामाच्या कपड्यांत, ज्यांची भेट कामावरच झाली अशांच्या हातांवर आहे. युरोपीय समीक्षेत या रचनेचे नाते ख्रिस्ताचा देह क्रूसावरून उतरविण्याच्या व थडग्याकडे नेण्याच्या पारंपरिक चित्रांशी जोडले जाते. ते नाते उघडच आहे. मात्र धार्मिक चित्रात मृताचा चेहरा हा साऱ्या रचनेचा केंद्रबिंदू असतो, त्याच्या मरणाला अर्थ असतो आणि पुढे पुनरुत्थानाची खात्री असते. वेलांनी आकृतिबंध घेतला आणि ही खात्री काढून टाकली. वजन तेवढे शिल्लक ठेवले.

याच काळात युरोपात श्रमिकाचा विषय इतरही कलावंत हाताळीत होते. कुर्बेचे ‘दगडफोडे’ हे चित्र १८४९ चे. त्यात कष्ट आहेत, मरण नाही. बेल्जियमच्या म्यूनिए याने खाणीतील वायुस्फोटात मृत झालेल्या मुलापाशी उभी असलेली आई शिल्पित केली, ती वेलांच्या नंतर काही वर्षांनी. म्यूनिएच्या कृतीत आई आल्याबरोबर करुण रस सुलभ होतो. वेलांनी ती सुलभता नाकारली, हे त्यांच्या कृतीचे श्रेष्ठत्व म्हटले पाहिजे.

शिल्पात नसलेले शरीर

इथपर्यंत गुणवर्णन झाले. आता शिल्पातील देहांकडे पुन्हा पाहिले असता एक विसंगती ध्यानात येते. वाहणारे सर्व पुरुष बळकट आहेत. त्यांच्या पाठी प्राचीन रोमन वीरांना शोभाव्यात अशा. मृताचा देहही धष्टपुष्टच. आणि गॉटहार्डच्या कामगाराचे शरीर, निदान शेवटच्या वर्षांत, असे नव्हते.

१८७९–८० च्या सुमारास बोगद्यातील कामगारांत एक विचित्र आजार पसरला. चेहरा फिकट, पिवळसर; चार पावले चालताच धाप; हृदयाची धडधड; पायांवर सूज; अंगात काम करण्याचे त्राणच नाही. मराठीत ज्याला पांडुरोग म्हणतात तशी ही अवस्था. आधी हा दोष बोगद्यातील कुंद हवेला व अपुऱ्या अन्नाला देण्यात आला. १८८० मध्ये तुरिन येथे एका मृत गॉटहार्ड कामगाराच्या शवविच्छेदनात आतड्यांत मोठ्या संख्येने अंकुशकृमी सापडले, आणि तेथील परोपजीवीतज्ज्ञ एदोआर्दो पेरोंचितो याने या साथीचा उलगडा केला. हा कृमी नवा नव्हता. मिलानच्या आंजेलो दुबिनी याने तो १८३८ मध्येच पाहिला होता. नवीन होती ती त्याला मिळालेली जागा. अंकुशकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. त्यातील अळीला वाढण्यास ऊब, ओल आणि अंधार लागतो. आल्प्सच्या थंड हवेत ती जगली नसती. परंतु बोगद्यात बारा महिने तीस अंश तापमान, पायाखाली कायमचा चिखल आणि शौचाची कसलीही सोय नाही, अशी व्यवस्था माणसानेच करून ठेवली होती. बाहेर बर्फ पडत असता आत उष्ण कटिबंध तयार झाला होता.

म्हणजे या रोगाचे कारण निसर्ग नव्हे. शौचकूप, स्वच्छ पाणी, पाय कोरडे ठेवण्याची सोय, एवढ्याने तो टळला असता. किंबहुना पुढे तसेच घडले. आल्प्समधील नंतरच्या सिंप्लॉन बोगद्यात (काम १८९८–१९०६) हवा खेळती ठेवण्यासाठी समांतर दुसरा बोगदा खोदण्यात आला, आणि कामगारांसाठी अंघोळीची, कपडे बदलण्याची व वैद्यकीय तपासणीची तजवीज झाली. गॉटहार्डचे कामगार मात्र हा कृमी पोटात घेऊनच पुढच्या कामावर किंवा आपापल्या गावी गेले. युरोपातील इतर खाणींतही नंतर तो आढळला. जे घरी जाऊन मेले, ते १९९ च्या हिशेबात नाहीत. श्वासातून छातीत गेलेल्या दगडाच्या भुकटीने पुढील वर्षांत जे मेले तेही नाहीत.

वेलांनी शिल्प घडविले ते या शोधानंतर. मग त्यांनी अपघातच का निवडला? एक उत्तर असे की अपघाताला दृश्य रूप असते. त्याला क्षण असतो, देह असतो, तो वाहून नेता येतो. रक्तक्षयाला क्षण नाही. फिकट चेहरा ब्राँझमध्ये उमटत नाही, प्लॅस्टरमध्ये तर सगळेच चेहरे फिकट. हे माध्यमाचे बंधन मान्य करावयास हवे. पण दुसरेही एक उत्तर आहे. अभिजात परंपरेत वाढलेल्या शिल्पकाराला श्रमिकाला प्रतिष्ठा देण्यासाठी सुंदर शरीर देणे भाग पडले. वीराचे मोठेपण ज्या स्नायूंनी व्यक्त होते, तेच स्नायू त्याने मजुराला बहाल केले. त्यातून मजूर मोठा झाला आणि त्याचा रोग अदृश्य झाला. ज्या निवडीमुळे शिल्प थोर ठरते, तिच्यातच त्याची मर्यादाही आहे.

‘बळी’ हा शब्द

शीर्षकाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मूळ इटालियन ‘वित्तिमे’ हा शब्द लॅटिन ‘विक्तिमा’पासून आला, त्याचा मूळ अर्थ देवतेपुढे मारावयाचे जनावर. अर्थ पुढे पुसट होत जाऊन अपघातग्रस्त, नुकसान सोसलेला असा झाला. मराठीत भाषांतर करताना मात्र हा पुसट झालेला अर्थ पुन्हा ठसठशीत होतो. मराठी ‘बळी’ अजूनही वेदीच्या जवळ आहे. पूल बांधताना, धरण बांधताना ‘काम बळी मागते’ ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली. नव्या पुलाचे काम निघाले की मुलांना घराबाहेर एकटे न सोडण्याच्या सूचना घरोघरी दिल्या जात. ही समजूत अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेली जाते. परंतु तिच्यात एक जाण आहे. मोठे बांधकाम माणसे मारते हे लोकांनी पाहिलेले असते, आणि ही मरणे कोणाच्या तरी सोयीची असतात हेही त्यांना उमगलेले असते.

बळी म्हटले की तीन प्रश्न आपोआप उभे राहतात. कोणाला दिला? कोणी दिला? कशासाठी दिला? वेलांच्या शीर्षकात पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘श्रमाला’ असे येते, आणि बाकीचे दोन तेथेच मिटतात. जणू श्रम ही एखादी क्षुधित देवता आहे. श्रमाने कोणास मारले नाही. डायनामाइटच्या धुरात वेळेआधी माणसे परत आत पाठविणाऱ्या पाळीने मारले, रोजच्या दंडाच्या कलमाने मारले, न बांधलेल्या शौचकूपाने मारले. आणि चौघांना तर बंदुकीच्या गोळीने मारले. त्या चौघांना ‘श्रमाचे बळी’ म्हणणे हे तर सरळ अर्थाचा विपर्यास करणे होय.

शीर्षकाच्या बाजूनेही काही म्हणता येते. १८८० च्या दशकात ‘श्रम’ हा शब्द स्मारकाच्या भाषेत आणणे हीच धिटाईची गोष्ट होती. बळी असे म्हणताच तो अपघात राहत नाही, दैव राहत नाही. कोणीतरी देणे लागतो अशी सूचना त्यात राहते. ही सूचना वेलांनी हेतुतः केली असावी असे त्यांच्या राजकीय आयुष्यावरून मानण्यास जागा आहे. पण सूचना आणि आरोप यांत अंतर असते. दोष एकट्या फाव्रवर टाकूनही भागत नाही. तो ज्या करारात अडकला होता, त्याने त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचीही आर्थिक वाताहत केली. अशा गुंतागुंतीच्या जबाबदारीला शिल्पात चेहरा देता येत नाही, हे खरे. म्हणूनच निदान शीर्षकाने तरी ती झाकावयास नको होती.

पन्नास वर्षांची प्रतीक्षा

हे शिल्प १८८३ च्या झूरिक येथील राष्ट्रीय प्रदर्शनात मांडले गेले. त्याच प्रदर्शनात स्विस उद्योगाची भरभराट मिरविली जात होती, आणि गॉटहार्ड ही त्या भरभराटीची सर्वांत ताजी खूण होती. शिल्पाकडे लक्ष गेले. परंतु बोगद्यापाशी ते उभे राहिले नाही. १८९१ मध्ये वेला निवर्तले तेव्हा मूळ प्लॅस्टर लिगोर्नेत्तो येथील त्यांच्या घरातच होते. त्यांच्या मुलाने ते घर कलाकृतींसह स्विस संघराज्यास दिले आणि त्याचे संग्रहालय झाले. ब्राँझची एक प्रत रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात गेली. आयरोलो स्थानकाजवळ, जेथे तिची खरी जागा होती, तेथे ब्राँझ प्रत बसण्यास १९३२ साल उजाडले. निमित्त होते बोगद्याच्या वाहतुकीच्या सुवर्णमहोत्सवाचे.

हा विलंब केवळ खर्चाचा मानता येणार नाही. पन्नास वर्षांत बोगद्यातील जवळपास सारे कामगार मरण पावले होते. कोणाची भरपाई देणे राहिले नव्हते, कोणाची साक्ष घ्यावयाची नव्हती. स्मारक उभारण्यास अशी वेळ फार सोयीची असते. १८८२ मध्ये जे शिल्प स्थानकावर उभे राहिले असते तर प्रश्न ठरले असते, ते १९३२ मध्ये आदरांजली ठरले. कलाकृती तीच, तिचा अर्थ तारखेने बदलला. समीक्षेने याची नोंद घ्यावयास हवी होती, परंतु शिल्पाविषयीच्या बहुतेक लेखनात १९३२ हे साल केवळ स्थापनेची माहिती म्हणून येते.

सह्याद्रीतील दोन घाट

मराठी अभ्यासकाला गॉटहार्डच्या आधीचा एक घाट अधिक जवळचा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भोर घाटातील चढाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला. सुमारे पावणेसोळा मैलांत पंचवीस बोगदे. बेसॉल्ट खडक हाताच्या पहारीने व सुरुंगाच्या दारूने फोडावयाचा; काही ठिकाणी कड्यावरून दोराने माणसे खाली सोडून पहिली छिद्रे पाडावी लागली. १८६१ च्या जानेवारीत कामावर बेचाळीस हजार माणसे होती, म्हणजे गॉटहार्डच्या कमाल संख्येच्या दहापट. येथेही मजुरी थकली आणि १८५९ च्या जानेवारीत कामगारांचा उद्रेक झाला. त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. १८६० मध्ये रेल्वे व सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंट्यांसाठी कायदा झाला, त्यात थकलेल्या मजुरीचा झटपट निवाडा होता आणि काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षाही होती. पटकीने अतोनात माणसे मेली. पंचवीस हजारांच्या आसपास बळी गेल्याचा अंदाज इतिहासलेखनात दिला जातो.

दोन आकड्यांची जात वेगळी आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. १९९ ही मोजणी आहे, पंचवीस हजार हा अंदाज. गॉटहार्डच्या मृतांना निदान यादीत जागा मिळाली. भोर घाटातील मजूर वस्त्यांत कोणी यादी ठेवली नाही. भोर घाटाच्या इतिहासात मृत्यूसह नाव राहिले ते दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल याचे, जो येथे आल्यावर अल्पावधीत आजाराने वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिचे, जिने ते कंत्राट पुढे निभावले. तिची कथा रोचक आहे आणि वारंवार सांगितली जाते.

लोकांनी मात्र आपले स्मारक वेगळे उभे केले. जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला डोंगरातून वाट दाखविली. बक्षीस माग म्हटल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी दंतकथा आहे. तिची ऐतिहासिकता तपासण्याचे हे स्थळ नव्हे. वेलांच्या शिल्पाशी तिची तुलना मात्र उद्बोधक आहे. दंतकथेत मारणारा आहे, शस्त्र आहे, आणि मारण्याचे कारणही आहे. शिक्षित शिल्पकाराने जे वगळले, ते अशिक्षित कथनाने राखले. पण त्यासाठी हजारोंच्या जागी एकच माणूस ठेवावा लागला, आणि पटकी व थकलेली मजुरी कथेतून गळाली. गाड्या थांबवून नारळ फोडणारे चालक वाट दाखविणाऱ्याला नमस्कार करतात. वाट खोदणारे त्या नमस्कारात आहेत की नाहीत, हे सांगणे कठीण.

कोकण रेल्वेचे उदाहरण आपल्या काळातले. १९९० मध्ये सुरू होऊन १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. बेसॉल्टपेक्षा येथे मऊ, ओल्या मातीने अधिक छळले. अशा नऊ बोगद्यांत खोदलेले पुन्हा कोसळत राहिले, आणि तेथे एकोणीस जीव गेले. संपूर्ण मार्गावर ७४ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्थानकावर ‘श्रमशक्ती स्मारक’ उभारले असून तेथे आदरांजली वाहिली जाते. भोर घाटाशी ताडून पाहता हे मोठेच अंतर आहे. येथे मोजणी आहे, आणि स्मारकास वेळही लागलेला नाही. नावाविषयी तेवढा प्रश्न उरतो. ‘श्रमाचे बळी’ या नावात मृत्यू आहे आणि कारण चुकीचे आहे. ‘श्रमशक्ती’ या नावात मृत्यूच नाही. मेलेल्यांचे स्मारक त्यांच्या शक्तीच्या नावाने ओळखले जावे, ही मराठी सार्वजनिक भाषेची जुनी खोड आहे. ‘कामी आले’ हा शब्दप्रयोगही त्यातलाच, आणि वर त्याचा वापर टाळणे शक्य झाले नाही.

गॉटहार्डखाली आता दुसरा, ५७ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा आहे. तो २०१६ मध्ये खुला झाला. त्याच्या बांधकामात नऊ कामगारांचा मृत्यू झाला. जलद गाड्या त्या मार्गाने जातात आणि आयरोलोला येत नाहीत. जुन्या डोंगरी मार्गावर संथ प्रादेशिक गाड्या धावतात. त्यातून उतरणाऱ्यास स्थानकाजवळ वेलांचे शिल्प आजही पाहावयास मिळते.